गोदामातलं तापमान फाइलमध्ये कसं आलं

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका गोदामात सोयाबीनच्या थप्प्यांमध्ये आम्ही बारा तापमान-सेन्सर बसवले आहेत. माल ओलसर भरला गेला की थप्पी आतून तापू लागते, आणि पोत्यात हात घालून ते कळेपर्यंत दाणा काळा पडायला लागलेला असतो. आधी इथे एका कंपनीची तयार यंत्रणा होती, तिचं स्वतःचं ॲप होतं. कंपनीने आपला सर्व्हर बंद केला. भिंतीवरचे डबे जागेवरच राहिले, आकडे मात्र दिसेनासे झाले.

आता मुनीमजी त्यांच्या टेबलावरच्या संगणकात एक फोल्डर उघडतात. आत बारा फोल्डर, प्रत्येकात तापमानाची एक फाइल, आणि फाइलमध्ये एक आकडा. ही फाइल कुठल्याच डिस्कवर ठेवलेली नाही. ती उघडली की विचारणा नेटवर्कवरून गोदामातल्या छोट्या संगणकाकडे जाते, तिथून तारेने सेन्सरकडे, आणि मिळालेलं उत्तर फाइलचा मजकूर म्हणून परत येतं. मुनीमजींना नवीन काहीच शिकावं लागलं नाही. ही सोय कुठून आली ते सांगण्यासारखं आहे, कारण ती पन्नास वर्षांत तुकड्यातुकड्यांनी जमत गेली आणि मध्ये एकदा हातची सुटलीही होती.

मूळ कल्पना युनिक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका जुन्या प्रणालीची. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही प्रणाली घडवली. तिच्यात टर्मिनल, टेप, छपाईयंत्र यांनाही फाइलसारखी नावं दिली होती. १९७४ साली दोघांनी लिहिलेल्या निबंधात या 'विशेष फायलीं'ना त्यांनी आपल्या फाइल-व्यवस्थेतली सर्वांत वेगळी गोष्ट म्हटलं आणि फायदे मोजून दाखवले: यंत्राशी बोलणं आणि फाइल वाचणं जवळपास सारखंच होतं, फाइलचं नाव मागणाऱ्या प्रोग्रॅमला यंत्राचं नाव देऊन चालतं, आणि फाइलला असलेलं परवानगीचं कुलूप यंत्रालाही आपोआप लागतं. तिसरा फायदा आज घराघरात कॅमेरे बसत असताना मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पण यंत्र म्हणजे केवळ वाचणं-लिहिणं नव्हे. टर्मिनलच्या लाइनचा वेग बदलायचा, टेप मागे फिरवायची, हे कसं सांगायचं? १९७९ च्या सातव्या आवृत्तीत त्यासाठी 'आयओसीटीएल' नावाचा वेगळा दरवाजा उघडला गेला. प्रत्येक यंत्राचे आपले सांकेतिक आकडे, प्रत्येकाची माहितीची आपली मांडणी. एकाच संगणकात ते निभावून गेलं. तारेवरून दुसऱ्या संगणकावर पाठवायची वेळ आली तेव्हा अडलं, कारण मधल्या नेटवर्कला त्या माहितीचा अर्थच कळत नव्हता.

१९८४ मध्ये सन या संगणक कंपनीने एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) आणलं आणि दूरच्या संगणकावरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या दिसू लागल्या. त्यासाठी सनने प्रणालीच्या गाभ्यात एक पातळ थर घातला: वर सगळ्यांना एकच फाइल-व्यवस्था दिसते, खाली खरी डिस्क असो की नेटवर्क. आभासी फाइल-व्यवस्था हे नाव याच थराचं. मात्र यंत्रांच्या बाबतीत एनएफएसने हात आखडता घेतला. दूरच्या संगणकावरची यंत्राची फाइल उघडली, तर ती तिथल्या यंत्राकडे नव्हे, तुमच्याच संगणकाच्या यंत्राकडे बोट दाखवायची. एटी अँड टी कंपनीच्या आरएफएस या तशाच व्यवस्थेमध्ये दूरचं यंत्रही वापरता येत असे, पण बाजारात एनएफएसच रुळलं. म्हणजे फायली गावाबाहेर पडल्या, यंत्रं वेशीच्या आतच राहिली.

गाठ सुटली ती पुन्हा बेल लॅब्जमध्येच. थॉम्प्सन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो आदींनी केलेली 'प्लॅन नाइन' ही प्रणाली १९९२ मध्ये विद्यापीठांना मिळाली. तिच्यात आयओसीटीएल नव्हतंच. प्रत्येक यंत्राला एकाऐवजी दोन-तीन फायली होत्या: एक माहितीची, एक स्थितीची, एक हुकमाची. सिरियल लाइनचा वेग ९६०० करायचा तर हुकमाच्या फाइलमध्ये 'बी९६००' अशी साधी अक्षरं लिहायची.

मला ही मांडणी सातबाऱ्यामुळे उमगली. जमीन तलाठ्याच्या दप्तरात नसते. पण गट नंबर सांगितला की ठरल्या नमुन्यातला कागद मिळतो, मग शेत औशाचं असो की निलंग्याचं. बदल हवा असेल तर कुणी उताऱ्यावर खाडाखोड करत नाही. फेरफाराला नोंद पडते, ती मंजूर होते आणि मग उताऱ्यात बदल दिसतो. वाचायचा कागद वेगळा, बदल मागायची वही वेगळी. प्लॅन नाइनच्या स्थितीच्या आणि हुकमाच्या फायली अशाच आहेत.

आणि ही सगळी देवाणघेवाण ज्या बोलीत चालते ती 'नाइनपी' किती आटोपशीर! तिच्या २००० च्या रूपात विनंत्यांचे प्रकार फक्त तेरा. जवळचं यंत्र आणि दूरचं यंत्र असा भेदच तिच्यात नाही. प्लॅन नाइनमध्ये नेटवर्क जोडणीसुद्धा फायलींचंच एक झाड असे. दुसऱ्या संगणकाचं ते झाड आपल्याकडे जोडून घेतलं की त्याच्यामार्फत बाहेर जाता येई. पुढे 'इन्फर्नो' प्रणालीतून हीच बोली लेगोच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या विटेपर्यंत पोचली आणि खेळण्याच्या मोटारी फायलींतून हलू लागल्या.

प्लॅन नाइन फारसं कुणी वापरलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. तिचे विचार मात्र युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्स प्रणालीने उचलले. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीत यंत्रांची माहिती 'सिसएफएस' नावाच्या फायलींच्या झाडात मांडली गेली, एका फाइलमध्ये शक्यतो एकच मूल्य या नियमाने. २००५ मध्ये 'फ्यूज' नावाची जोडणी लिनक्सच्या गाभ्यात आली आणि आभासी फाइल-व्यवस्था लिहिण्यासाठी गाभ्याला हात लावायची गरज उरली नाही. साधा प्रोग्रॅम लिहिता येणारा माणूसही ते करू लागला. आमच्या गोदामातली 'ओडब्ल्यूएफएस' ही आभासी फाइल-व्यवस्था यावरच उभी आहे. एकाच तारेवरच्या सेन्सरांना ती फोल्डरचं रूप देते, आणि प्रत्येक सेन्सरमध्ये कारखान्यातच कोरलेला ६४ बिटांचा क्रमांक फोल्डरच्या नावाला आधार देतो.

एवढं झालं तरी फाइलचं सोंग पूर्ण वठत नाही. एकदा लाइट जाऊन आल्यावर एका थप्पीच्या फाइलमध्ये ८५ अंश दिसले. मुनीमजींनी हमालांना हाक मारून थप्पी उतरवायला घेतली. पोती गार होती. आम्ही वापरतो त्या डीएस१८बी२० सेन्सरला नुकती वीज मिळाली असेल आणि मोजणी व्हायच्या आधीच वाचला, तर तो ८५ हाच आकडा देतो. साध्या फाइलमध्ये जे लिहिलं तेच असतं, इथे आकडा मोजलेला आहे की नाही हे फाइल सांगत नाही. आता नेमका ८५ आला तर आमचा प्रोग्रॅम तो टाकून पुन्हा वाचतो.

दुसरी अडचण वेळेची. सर्वांत बारीक मोजणीला सेन्सर पाऊण सेकंद घेतो. बारा फायली ओळीने उघडल्या की नऊ सेकंद, आणि तेवढा वेळ संगणक अडकल्यासारखा वाटतो. ओडब्ल्यूएफएस करणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. तापमान वाचलं की तो आकडा ती थोडा वेळ, मुळात पंधरा सेकंद, जपून ठेवते. ताजाच हवा असेल तर जपलेलं न वापरणारं फोल्डर वेगळं आहे. शिवाय एक फाइल अशी आहे की तिच्यात '१' लिहिला की तारेवरचे सगळे सेन्सर एकदम मोजायला लागतात. आम्ही दर दहा मिनिटांनी तो '१' लिहितो आणि मग बाराही फायली वाचून वेळेसकट वहीत उतरवतो.