बर्फात टायर अरुंद का हवा?

स्वीडनमध्ये उमेओ शहराजवळ हिवाळ्यात जागतिक रॅली या मोटार शर्यतीचा बर्फातला टप्पा होतो. तिथल्या गाड्यांची चाकं पाहून मी चक्रावलो होतो. डांबरी रस्त्यावर १८ इंची रिमवर रुंद टायर घालणाऱ्या या गाड्या बर्फात १५ इंची रिमवर अरुंद टायर घालतात आणि प्रत्येक टायरमध्ये ३८४ खिळे असतात. वेगासाठी जीव टाकणारी माणसं टायर मुद्दाम बारीक करतात, ते का?

टायर रुंद केला की जास्त रबर रस्त्याला टेकतं, असं आपण धरून चालतो. पण गाडीचा भार मुख्यतः पेलते ती टायरमधली हवा. सुबारू बीआरझेडसारख्या छोट्या स्पोर्ट्स कारच्या एका चाकावर साधारण ३१० किलो येतात. हवेचा दाब ३३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) धरला, तर टेकलेला भाग ढोबळमानाने १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाएवढा. टायर रुंद केला, तरी दाब तोच असेल तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, फक्त आकार बदलतो. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड पडतो, अरुंद टायरचा उभा आणि लांब.

भुसभुशीत बर्फात याच फरकावर सगळं ठरतं. टायरला पुढचा बर्फ दाबत, बाजूला सारत जावं लागतं. २४५ मिलिमीटर रुंदीचा टायर २०५ च्या तुलनेत जवळपास वीस टक्के रुंद पट्टा ढकलतो, आणि बर्फ हटला नाही तर त्यावरच चढून तरंगू लागतो. अरुंद टायर बर्फ चिरत खालच्या डांबरापर्यंत पोहोचतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर मात्र रुंदीला एवढं महत्त्व उरत नाही. तिथे रबरातल्या बारीक चिरा कामाला येतात. त्यांत बर्फ अडकतो आणि बर्फाला बर्फ चिकटतो, मुठीत गोळा वळताना चिकटतो तसाच.

म्हणून मी आधी रबर बघतो, रुंदी नंतर. उन्हाळी स्पोर्ट्स टायर सुमारे ७ अंशांखाली कडक होत जातो, मग तो कितीही अरुंद घ्या, उपयोग नाही. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचेच आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह लागतं.

आता माप. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. २१५/४५ आर १७ ऐवजी २०५/५५ आर १६ घातला, तर चाकाचा व्यास ६२५ वरून ६३२ मिलिमीटर होतो, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये जेमतेम एक टक्क्याचा फरक. टायरच्या भिंतीची उंची मात्र ९७ वरून ११३ मिलिमीटर होते, आणि बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचण्याची शक्यता वाढते. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाआतली डिस्क दाबणाऱ्या भागाला, घासत नाही ना, हे आधी पाहायला हवं. भारक्षमताही कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको. यापेक्षा फार अरुंद जाऊ नये, असं माझं मत आहे, कारण हिवाळ्यातले बरेच दिवस रस्ता नुसता ओला किंवा कोरडाच असतो.

आइसलँडमधल्या जीप नेमकं उलट करतात. प्रचंड रुंद टायरमधली हवा ३-४ पीएसआयपर्यंत उतरवून त्या हिमनद्यांवरून जातात. तिथे चिरत गेलं तरी खाली टेकायला रस्ताच नसतो, म्हणून तरंगणंच बरं. स्पोर्ट्स कारला ती सोय नाही. तिच्या पोटाखाली साधारण १३ सेंटिमीटर जागा असते. बर्फ त्याहून खोल असेल, तर गाडी पोटावर टेकते आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात.