परदेशी एक्स्चेंज विद्यार्थ्याला पुण्यात घरी ठेवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि चोवीस तासांचा नियम

परदेशी विद्यार्थ्याला घरी ठेवण्याचा विषय निघाला की पुण्यात पहिला प्रश्न जागेचा येतो. आमचा टू बीएचके आहे, चालेल का? चालतो. स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असं नाही. स्वतंत्र पलंग मात्र हवा, कपडे-पुस्तकांसाठी कपाटातला एखादा कप्पा हवा आणि अभ्यासाला बसता येईल असा कोपरा हवा. खोली घरातल्या मुलासोबत वापरायची असेल तर ते मूल साधारण त्याच वयाचं असावं आणि मुलासोबत मुलगा, मुलीसोबत मुलगी असावी, एवढं बघितलं जातं. जागेपेक्षा कुटुंबं अडतात ती कागदांवर. कागद अवघड नसतात, पण कुठला कागद कुणी आणि कधी भरायचा हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्ज कुणाकडे करायचा

यजमान कुटुंब होण्यासाठी सरकारकडे अर्ज करायचा नसतो. विद्यार्थ्याला भारतात आणणाऱ्या संस्थेकडे करायचा असतो. शाळकरी वयाच्या मुलांसाठी दोन ओळखीच्या वाटा आहेत. एक रोटरी युथ एक्स्चेंज. पुणे रोटरीच्या डिस्ट्रिक्ट 3131 मध्ये येतं, त्यामुळे जवळच्या रोटरी क्लबमध्ये विचारलं की पुढचा माणूस सापडतो. तुम्ही स्वतः रोटरीचे सभासद असण्याची गरज नसते. दुसरी वाट एएफएस. 1915 मध्ये युद्धातल्या जखमींसाठी रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांपासून ही संस्था सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीकडे वळली. आज तिचं भारतातही काम आहे.

कॉलेजच्या वयाची मुलं वेगळ्या मार्गाने येतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा अभ्यासक्रम पुण्यात चालतो. मराठी शिकायला आलेल्यांना मराठी घर मिळालं तर वर्गात शिकलेलं संध्याकाळी स्वयंपाकघरात वापरता येतं. बाकीचे विद्यार्थी विद्यापीठ किंवा कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागामार्फत येतात.

रोटरीत वर्षभराच्या मुक्कामाचे साधारण तीन भाग पडतात आणि तीन कुटुंबं ते वाटून घेतात. म्हणजे तुमच्याकडे मूल तीन-चार महिने राहतं. एएफएसमध्ये शक्यतो एकच कुटुंब असतं. दोन्हीकडे यजमानाला मोबदला नाही. राहणं, जेवणखाण आणि घरच्या मुलासारखी काळजी आपली. विमानाचं तिकीट, विमा आणि खिशातला खर्च आपल्यावर येत नाही. प्रौढ विद्यार्थ्यांच्या काही कार्यक्रमांत राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. ते मिळणार असतील तर लेखी ठरवून घ्या.

पात्रता

आई-बाबा आणि दोन मुलं असा साचा कुणी मागत नाही. निवृत्त जोडपं, एकटी आई, मूल नसलेलं कुटुंब, आजी-आजोबांसकट भरलेलं घर, सगळी चालतात. इंग्रजी फाडफाड येण्याचीही अट नाही. घर शाकाहारी असेल, कुत्रं-मांजर असेल, घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर ते अर्जातच स्पष्ट लिहा. तिकडे मुलाची जोडणी याच माहितीवरून होते. मांजरीची अ‍ॅलर्जी असलेलं मूल मांजरवाल्या घरी आलं तर त्रास त्या मुलाला होतो.

माझ्या मते खरी पात्रता एकच आहे, घरातल्या प्रत्येकाची संमती. बाबा उत्साहात फॉर्म भरतात, पण दुपारी घरी असते आजी आणि दार उघडणारीही तीच. बारावीच्या मुलाला त्या वर्षी घरात पाहुणा नको असेल तर त्याचंही ऐका, एक वर्ष थांबा. पडताळणीला येणारी माणसं घरातल्या सगळ्यांशी बोलतात, आणि ते योग्यच आहे.

संस्थेला लागणारे कागद

घरात राहणाऱ्या प्रौढांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, घराचे फोटो, नात्यात नसलेल्या दोघा-तिघांचे संदर्भ आणि पार्श्वभूमीच्या तपासणीला लेखी संमती, असा साधारण संच असतो. त्यानंतर मुलाखत आणि घरभेट. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तर तो महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतो आणि पडताळणी तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यामार्फत होते. हा अर्ज सगळ्यात आधी टाका, कारण त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

पत्त्याच्या पुराव्यावर थोडं थांबते. पुण्यातल्या जुन्या घरांत महावितरणचं बिल बऱ्याचदा अजून आजोबांच्या नावावर असतं आणि आधारवर पत्ता नव्या पद्धतीने लिहिलेला असतो. एका कागदावर 'प्लॉट नंबर', दुसऱ्यावर 'सर्व्हे नंबर', तिसऱ्यावर नुसतं सोसायटीचं नाव. एरवी याने काही बिघडत नाही. पण हाच पत्ता पुढे परदेशी नागरिकांच्या नोंदणीत जाणार आहे, म्हणून बिल तुमच्या नावावर करून घ्या किंवा ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतीपत्र आणि मिळकतकराची पावती सोबत ठेवा. मग पत्ता ठरवा आणि सगळीकडे अक्षरशः तोच लिहा. घर भाड्याचं असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि घरमालकाची लेखी परवानगी लागेल. सोसायटीच्या सेक्रेटरीला मुक्कामाच्या तारखांसह साधं पत्र द्या, म्हणजे गेटवरचा वॉचमन रोज त्या मुलाला अडवणार नाही.

फॉर्म सी: ही जबाबदारी तुमची

परदेशी नागरिक तुमच्या घरी मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. हॉटेलं हे रोज करतात, पण नियम घरांनाही आहे. या नोंदीला सगळे फॉर्म सी म्हणतात. 1946 चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, 2025 हा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला, तरी राहायला जागा देणाऱ्याने नोंद करायची हे तत्त्व कायम आहे. 'संस्थेने केलं असेल' असं समजून गप्प बसू नका. संस्था मदत करेल, पण घर तुमचं आहे आणि नोंद तुमच्या खात्यातून जाते.

त्यासाठी एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जागा देणारे म्हणून आधी स्वतःचं खातं उघडावं लागतं. त्यात घराचा पत्ता, मालकाचं नाव आणि फोन भरायचा आणि आपल्या भागाचं नोंदणी कार्यालय निवडायचं. पुणे शहराचा परदेशी नागरिक नोंदणी विभाग साधू वासवानी रस्त्यावरच्या पोलीस आयुक्त कार्यालयात आहे. वाकड, हिंजवडी, निगडीकडच्या लोकांनी कार्यालय निवडताना नीट बघावं, कारण पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय 2018 पासून वेगळं आहे. मूल यायच्या निदान दोन आठवडे आधी हे खातं तयार असू द्या. मूल दारात उभं असताना पासवर्ड कुठला ठेवायचा याचा विचार करायची वेळ येऊ नये.

प्रत्यक्ष फॉर्म भरताना मुलाचा पासपोर्ट समोर उघडून ठेवा. पासपोर्टचा क्रमांक वेगळा आणि व्हिसाचा वेगळा, दोन्ही लागतात, दोन्हींच्या जारी केल्याच्या आणि संपण्याच्या तारखा आणि ठिकाणंही लागतात. आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे आहेत. ब्राझील, मेक्सिकोकडच्या मुलांना बहुधा दोन आडनावं असतात, ती पासपोर्टवर जशी आहेत तशीच भरा. तारखांपाशी सांभाळा. बरीचशी परदेशी विमानं मुंबईत मध्यरात्रीच्या आसपास उतरतात आणि मूल एक्स्प्रेसवेने सकाळी पुण्यात पोचतं. भारतात आल्याची तारीख इमिग्रेशनच्या शिक्क्यावर असते ती, आणि घरी आल्याची तारीख-वेळ वेगळी. फॉर्ममध्ये दोन्ही विचारतात. मुलाचा फोटो लागतो, तो फोनवर काढून ठेवा. फॉर्म सादर झाला की त्याची प्रत डाउनलोड करून प्रिंट काढा, पुढच्याच पायरीला ती लागते.

ई-एफआरआरओ नोंदणी

व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर विद्यार्थ्याने भारतात आल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करायची असते. यापेक्षा कमी मुदतीच्या व्हिसावर साधारणपणे ती लागत नाही. काही देशांच्या नागरिकांना वेगळे नियम आहेत, ते संस्था सांगेल. 2018 पासून ही नोंदणीही ऑनलाइन झाली आहे आणि खातं विद्यार्थ्याच्या नावाने असतं. फोटो, पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, आगमनाचा शिक्का, शाळा-कॉलेजचा बोनाफाइड दाखला आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे तुमचा फॉर्म सी आणि वीजबिल, हे जोडायचं. कार्यालयाने शंका विचारली तर ती खात्यात आणि ईमेलवर येते, म्हणून मुलाला रोज ईमेल बघायला सांगा. सगळं मंजूर झालं की नोंदणीचा दाखला ईमेलनेच येतो.

रोटरीच्या मुलांबाबत एक गोष्ट हमखास राहून जाते. मूल दुसऱ्या कुटुंबाकडे गेलं की त्या घराने नवा फॉर्म सी भरायचा आणि विद्यार्थ्याने आपल्या नोंदणीत पत्ता बदलून घ्यायचा. पहिल्या घरचा फॉर्म दुसऱ्या घराला चालत नाही. दिवाळीत मुलाला कोल्हापूरला मामांकडे चार दिवस नेलंत तर तिथली नोंद मामांनी करायला हवी, कारण मुक्काम त्यांच्या घरी आहे. मामांना आधी फोन करून समजावून सांगा. हॉटेलात उतरलात तर हॉटेल ते करेल.

मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर

अशा वेळी आजारपणात उपचार करून घेण्यासाठी आई-वडिलांचं संमतीपत्र आणि विम्याच्या कागदांची प्रत पहिल्याच दिवशी हातात हवी. ऑगस्टमध्ये पुण्यात डेंग्यूचे दिवस असतात, ताप रात्री अकराला चढतो आणि दवाखान्यात पालकांची सही विचारतात. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, मूळ पासपोर्ट मात्र तुम्ही ताब्यात घेऊ नका. तो कुठे ठेवायचा हे संस्थेच्या नियमाप्रमाणे ठरू द्या.

प्रत्येक मुलामागे संस्थेची एक संपर्क व्यक्ती असते आणि ती यजमान कुटुंबातली नसते. मुलाला तुमच्याबद्दल काही सांगायचं असेल तर सांगता यावं, यासाठीच ही सोय आहे. ते दोघं एकटे बोलत असतील तर मनाला लावून घेऊ नका. अचानक घरभेट झाली तरी तो तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. मुलाच्या सुरक्षेचा पॉक्सो कायदा, 2012 परदेशी मुलांनाही तसाच लागू आहे आणि त्यातला गुन्हा माहीत झाला तर तो कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा 1098 आणि आपत्कालीन 112 हे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या.

मुक्काम संपला की फॉर्म सीच्या त्याच खात्यात जाऊन मुलाच्या नावापुढे निघाल्याची तारीख भरा. ती राहिली तर नोंदीत मूल तुमच्याच घरी राहतंय असं दिसत राहतं आणि पुढच्या यजमानाच्या घरी त्याची गाडी अडते. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलांसाठी अर्ज करायचा असेल तर निदान तीन-चार महिने आधी संस्थेशी बोला, म्हणजे घरभेट आणि पोलीस पडताळणी परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसांतही सावकाश उरकता येईल.