पॅराट्रूपर हेल्मेट की कापलेले एम 40? आधी छिद्रे पाहा, डेकल नंतर

दुसऱ्या महायुद्धातले आखूड कडेचे जर्मन हेल्मेट दिसले आणि त्याच्या डाव्या बाजूला लुफ्तवाफेच्या (जर्मन हवाई दलाच्या) गरुडाचे डेकल, म्हणजे चिकटवलेले छापील चित्र, असले, की ते पॅराट्रूपरचेच, म्हणजे एम 38, असे मानून पैसे मोजणारे संग्राहक आजही कमी नाहीत. साध्या सैनिकी हेल्मेटची, म्हणजे एम 35 आणि एम 40 ची, कवचे युद्धानंतरही प्रचंड संख्येने उरली होती. नॉर्वेसारख्या देशाने तर ती आपल्या सैन्यासाठी पुढे बरीच वर्षे वापरली. एम 38 मात्र मर्यादित संख्येच्या दलासाठी बनले आणि त्याची किंमत साध्या हेल्मेटच्या अनेक पटींनी जास्त असते. एवढ्या फरकासाठी कोणीतरी करवत हातात घेणारच, आणि ती कितीतरी जणांनी घेतली आहे.

साध्या हेल्मेटची ओळख येथे नव्याने करून देण्याची गरज नाही. पुढे आलेली कपाळपट्टी, कान आणि मान झाकणारा घेर, एम 35 मध्ये वेगळी बसवलेली हवेची नळी, एम 40 मध्ये तीच कवचातच ठोकून काढलेली, आणि एम 42 ची न दुमडलेली कड हे सारे वाचकाला पाठ असेल. विमानातून उडी मारताना पॅराशूटच्या दोऱ्या अडकू नयेत म्हणून एम 38 मध्ये हा घेर आणि कपाळपट्टी जवळजवळ नाहीशी केली, हेही सर्वांना ठाऊक असते. आणि घोटाळा नेमका येथेच सुरू होतो, कारण घेर नसणे ही एम 38 ची खूण मानली, तर घेर कापून टाकलेले कोणतेही कवच त्या व्याख्येत बसते.

खरा फरक छिद्रांचा आहे. एम 35 आणि एम 40 च्या कवचाला पाच छिद्रे असतात: दोन्ही बाजूंना हवेसाठी एकेक, पुढच्या अंगाला डाव्या-उजव्या बाजूस अस्तराच्या पिनांसाठी एकेक, आणि पाठीमागे अगदी मध्यभागी तिसऱ्या पिनेसाठी एक. एम 38 ला बाजूची हवेची छिद्रे नाहीत आणि मागे मध्यभागीही छिद्र नाही. त्याचे अस्तर चार बोल्टांनी धरलेले असते, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन, आणि हनुवटीचे पट्टेही त्याच बोल्टांना अडकवलेले असतात. म्हणजे एम 40 चे एम 38 करणाऱ्याला कड कापून भागत नाही. त्याला पाच जुनी छिद्रे बुजवावी लागतात आणि नव्या जागी चार पाडावी लागतात. कापणे सोपे आहे, बुजवणे अवघड आहे, आणि फसवणूक पकडायची ती या बुजवण्यात.

म्हणून हेल्मेट हातात आले की पाठीमागचा मध्य पाहावा. तेथे वेल्डिंग केले असेल, तर रंगाखाली किंचित उंचवटा किंवा खळगा राहतो. समोरून प्रकाश टाकला तर तो दिसत नाही. टॉर्च कवचाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला, की त्याची गोल सावली उमटते. आतून अस्तराची पट्टी बहुधा त्याच उंचीवर येत असल्याने बोटाने चाचपून भागत नाही, पण पट्टी आणि कवच यांच्या फटीतून बारीक टॉर्च घातल्यास घासकामाच्या रेषा आणि भोवतालच्या रंगाशी न जुळणारा ठिपका दिसू शकतो. भोक वेल्डिंगऐवजी लांबीने (पुट्टीने) भरले असेल, तर लहान चुंबक तेथे ढिला पडतो. चुंबक घट्ट बसला म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण वेल्डिंगचे लोखंडही त्याला ओढतेच. हीच तपासणी दोन्ही बाजूंच्या हवेच्या छिद्रांच्या जागी करावी.

दुसरी जागा कडेची. अस्सल एम 38 ची कड सदऱ्याच्या खालच्या शिवणीसारखी आत दुमडलेली असते आणि ती दुमड सबंध परिघात एकसारखी चालते. तयार, कडक झालेले पोलाद कापल्यावर तशी दुमड पुन्हा काढणे फार कठीण असते. म्हणून बनावट कामात कापलेली धार कानशीने गोल केलेली किंवा आतून पट्टी जोडलेली आढळते.

शिक्क्यांचा उपयोग पाहणाऱ्याने डोके शांत ठेवले तरच होतो. एम 38 ची कवचे जर्मनीतील थाले येथील कारखान्यात बनत, त्यामुळे आत ईटी किंवा नंतरच्या काळात सीकेएल ही अक्षरे आणि 66, 68 किंवा 71 हा कवचाच्या मापाचा आकडा अपेक्षित असतो. 64 किंवा 70 दिसला, किंवा दुसऱ्या कारखान्याचे चिन्ह दिसले, तर चर्चा तेथेच संपते. आकडा बरोबर असला तरी शिक्का रंगाच्या आधी मारलेला हवा, म्हणजे अंकांच्या खाचेत मूळ रंग बसलेला असतो. जुन्या रंगाला आणि गंजाला छेदून गेलेला चकचकीत शिक्का नंतरचा असतो. अस्तरावर बर्लिनच्या कार्ल हाइस्लर यांचे नाव, डोक्याचे माप आणि कवचाच्या मापाचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक कवचाशी जुळतो का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो, आणि तरीही फारच थोडे लोक तो पाहतात.

गरुडाचे डेकल मी सर्वांत शेवटी पाहतो, आणि इतरांनीही तसेच करावे असे माझे ठाम मत आहे. डेकल आजही छापता येते, जुनाट करता येते आणि खऱ्या कवचावरही चिकटवता येते. तरी सारा वाद पंखांच्या पिसांवरच रंगतो. आजोबांनी क्रीट या ग्रीक बेटावरून आणलेल्या पेटीची विक्रेते सांगतात ती कथाही मला त्याच कारणाने नकोशी वाटते. 20 मे 1941 रोजी क्रीटवर जर्मन पॅराट्रूपरांचे सेनापती जनरल श्टुडेंट यांच्या तुकड्या खरोखरच उतरल्या, पण त्यावरून समोरच्या कवचाला किती छिद्रे आहेत हे कळत नाही.

1936 ते 1937 मधील प्रायोगिक पॅराट्रूपर हेल्मेटचा दाखला देऊन कापलेल्या कडेचे समर्थन करणारे विक्रेतेही भेटतात. ती हेल्मेट अतिशय दुर्मीळ आहेत, म्हणून तो दावा ऐकल्यावर तपासणी दुप्पट कडक करावी.

हेल्मेटसोबत विकल्या जाणाऱ्या, पॅराट्रूपर उडी मारताना घालत त्या झग्याबद्दल एवढेच सांगतो की अतिनील दिव्याखाली दोरा चमकला नाही म्हणून कापड युद्धकाळातले ठरत नाही, आणि चमकले म्हणून ते नकलीही ठरत नाही, कारण नंतर कधीतरी आधुनिक साबणात धुतलेला अस्सल झगाही चमकतो. पॅराट्रूपरच्या, गुरुत्वाकर्षणाने पाते उघडणाऱ्या चाकूच्या बाबतीत मुठीला हिरवे प्लास्टिक असेल, तर तो युद्धानंतरच्या बुंडेसवेरचा (जर्मन सैन्यदलाचा) आहे, आणि त्या नावाने विकला तर त्यात गैर काही नाही.

विक्रेत्याकडून छायाचित्रे मागवायची असतील, तर गरुडाचा जवळून काढलेला फोटो मागू नये. पाठीमागच्या मध्यावर तिरपा प्रकाश टाकून काढलेला, आतल्या शिक्क्याचा, अस्तरावरील छापील क्रमांकाचा आणि खालून सबंध कड दाखवणारा, असे चार मागावेत. ठिसूळ झालेले अस्तर काढायला त्याने नकार दिला तर ते समजण्यासारखे आहे. तिरप्या प्रकाशातला फोटो काढायला नकार दिला तर व्यवहार करू नये.