उन्हाळ्यात ट्रॉलीच्या टायरची हवा सोडू नका

मे महिन्यात शेणखताची ट्रॉली निघाली की आमच्या वऱ्हाडात सल्ला मिळतोच, "ऊन तापलं, थोडी हवा सोडून दे, नाहीतर टायर फुटते." हे साफ उलटं आहे, आणि जीवावर बेतणारं. हवा कमी असली की ओझ्याखाली टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबते, पुन्हा उठते. या मुरडण्यानेच टायर आतून तापतो, थर सुटतात आणि तो फुटतो. उन्हाने वाढणारा दाब टायर बनवतानाच हिशेबात धरलेला असतो. तापलेल्या टायरची हवा सोडली तर निवल्यावर ती आणखीच कमी पडते. म्हणून हवा सकाळी, थंड टायरमध्ये, कंपनीने सांगितली तेवढीच भरा. वाटेत थांबलात तर चाकाच्या मधल्या भागाजवळही, म्हणजे हबजवळ, हात नेऊन तो किती तापलाय ते बघा. एकच हब भाजत असेल तर बेअरिंग उघडून बघा.