पायकॉनच्या हॉटेलदरामागचा करार

पायकॉन यूएस ही पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी वार्षिक परिषद. 2003 ते 2005 अशी पहिली तीन वर्षं ती वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात भरली. 2006 मध्ये ती टेक्ससमधल्या अ‍ॅडिसनच्या हॉटेलात गेली, 2008 मध्ये शिकागोला उपस्थिती हजारावर पोचली आणि 2013 मध्ये सांता क्लाराला सुमारे अडीच हजार. एवढी माणसं म्हटल्यावर हॉटेलांशी करार आलाच.

अशा करारात दर उतरतो तो हमीच्या बळावर. अमुक खोल्या अमुक रात्री आम्ही भरून देऊ, असं आयोजक लिहून देतात. त्याला रूम ब्लॉक म्हणतात. बदल्यात सभागृहांचं भाडं कमी किंवा माफ होतं, ठरावीक खोल्यांमागे एखादी खोली फुकट मिळते. मात्र लग्नात सांगितल्यापेक्षा कमी पानं उठली तरी केटररला ठरलेले पैसे द्यावेच लागतात, तसंच इथेही होतं. एक खोली एक रात्र भरली की ती एक रात्र धरतात. समजा हमी 1000 रात्रींची, अट किमान 80 टक्क्यांची आणि दर 200 डॉलरचा. प्रत्यक्षात 700 रात्रीच भरल्या, तर उरलेल्या 100 रात्रींचे 20,000 डॉलर आयोजकांच्या माथी येतात. शिवाय असे करार दोन-तीन वर्षं आधी होतात, म्हणजे गर्दीचा आकडा अंदाजानेच धरावा लागतो.

ऑनलाइन बुकिंग आल्यापासून हे आणखी अवघड झालं. त्याच हॉटेलची खोली दुसरीकडे थोडी स्वस्त दिसते आणि लोक तिथून घेतात. म्हणून जाणते आयोजक करारातच एक कलम घालून घेतात: परिषदेच्या नोंदणीची यादी आणि हॉटेलातल्या पाहुण्यांची यादी शेजारी ठेवून नावं जुळवायची, आणि बाहेरून बुकिंग केलेलेही हमीत मोजायचे. माझ्या मते घासाघीस करायची ती आधी या कलमासाठी. दरातले पाच-दहा डॉलर नंतर बघावेत.

2020 मध्ये महासाथीमुळे पिट्सबर्गची प्रत्यक्ष परिषद रद्द झाली. 2025 मध्ये, पुन्हा पिट्सबर्गलाच, ब्लॉकमधल्या खोल्या पुरेशा भरेनात, तेव्हा परिषद भरवणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला लोकांना जाहीर आवाहन करावं लागलं. परिषदेतून उरणाऱ्या पैशावर या ना-नफा संस्थेची पुष्कळ कामं चालतात. त्यामुळे ब्लॉकमधून खोली घ्या ही विनंती प्रत्येक आयोजकाने नोंदणी सुरू होतानाच करावी, कारणासकट आणि आकड्यांसकट.