बारा शब्द तिजोरीत होते, पैसे तरी गेले

विट्याहून माझा मामेभाऊ बाळ्या सांगलीत आला तो थेट विश्रामबागला माझ्या घरी. चहा नको, पाणी नको, चप्पल काढायच्या आधीच मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, "दादा, सगळं गेलं बघ." क्रिप्टोच्या वॉलेटचं ॲप उघडलेलं होतं आणि त्यात यूएसडीटीच्या, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो टोकनच्या, पुढं शून्य. परवापर्यंत तिथं चौदाशेच्या आसपास होते, म्हणजे रुपयात लाखाच्या वर, आणि हे मामांना माहीत नव्हतं हा वेगळाच विषय.

मी पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारेल तोच, वॉलेट उघडायचे ते गुप्त बारा शब्द कुणाला सांगितलेस? तर तो चिडलाच. फोटो काढला नाही, मेल केला नाही, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेत आणि वही घरात तिजोरीत आहे. माझा काही विश्वास बसला नाही, पण स्क्रीन खाली सरकवली तेव्हा एक गोष्ट खटकली. व्यवहाराची फी भरायला म्हणून थोडं इथर, म्हणजे आणखी एक क्रिप्टो चलन, ठेवलेलं असतं ना, ते तसंच्या तसं होतं. चोराच्या हाती बारा शब्द लागले असते तर त्याने ते कशाला सोडलं असतं? घर फोडणारा सोनं नेतो आणि रोकड ठेवून जातो असं होत नाही. म्हणजे बाळ्या खरं बोलत होता आणि चोर दुसऱ्याच दाराने आला होता.

हे दुसरं दार समजायचं तर आधी एक घोळ निस्तरावा लागतो, तो म्हणजे वॉलेट हे नाव. वॉलेटमध्ये पैसे नसतातच. मोबाईलमध्ये नाहीत, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या हार्डवेअर वॉलेटमध्ये पण नाहीत. पैसे म्हणजे फक्त एक नोंद, आणि ती नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेल्या एका भल्यामोठ्या सातबाऱ्यात असते, त्याला ब्लॉकचेन म्हणतात. वॉलेटकडे असते फक्त फेरफारावर सही करायची ताकद. सही बरोबर असली की नोंद बदलते, बस. इथं तलाठी नाही, सर्कल नाही, हरकत घ्यायची मुदत नाही, आणि सही तुम्ही शुद्धीत केली का फसून केली हे विचारणारं पण कुणी नाही.

आणि ही ताकद म्हणजे तरी काय, तर एक आकडा. नाणं घ्या, ओळीने २५६ वेळा उडवा, छापा आला तर १ लिहा, काटा आला तर ०, झाली तुमची प्रायव्हेट की तयार. खरंच एवढंच आहे. पण अशा किल्ल्या किती होऊ शकतात ते लिहायला गेलं तर ७८ आकडी संख्या येते. अख्ख्या पृथ्वीवरचे सगळे अणू मोजले तरी १ वर ५० शून्यांच्या आसपास भरतात, म्हणजे अंदाजाने कुणाची किल्ली सापडेल ही भीती सोडून द्या. या आकड्यावरून गणिताने पब्लिक की निघते, तिच्यावरून पत्ता निघतो, पण उलटं जाता येत नाही. आणि मजा अशी की सही करताना किल्ली दाखवावीच लागत नाही, किल्ली माहीत असल्याशिवाय जमणार नाही असं एक उत्तर तेवढं द्यावं लागतं, आणि ते बरोबर आहे का हे कुणीही तपासू शकतो.

२५६ शून्य-एक माणूस कुठं लिहीत बसणार, म्हणून २०१३ मध्ये शब्दांची पद्धत आली. २०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे, ‘अबॅन्डन’पासून ‘झू’पर्यंत, आणि त्यातले १२ किंवा २४ शब्द ठरलेल्या क्रमाने म्हणजे तुमच्या सगळ्या किल्ल्यांचं मूळ. शेवटच्या शब्दात थोडी तपासणी लपलेली असते, त्यामुळं कुठलेही बारा शब्द ठोकले तर सोळातल्या पंधरा वेळा वॉलेट म्हणतं चूक आहे.

आपल्याकडे यावर एक जुगाड फार चालतो, बाळ्याने पण केला होता. शब्द उलटसुलट क्रमाने लिहायचे, म्हणजे वही कुणाला सापडली तरी उपयोग नाही. ऐकायला भारी वाटतं. पण बारा शब्दांचे क्रम होतात ४७,९०,०१,६००, आणि त्या तपासणीमुळं त्यातले सोळातले पंधरा लगेच बाद, राहिले तीन कोटीच्या आसपास. माणसाला जन्म पुरणार नाही पण घरातला साधा कॉम्प्युटर हे बसल्याजागी करतो. उलट धोका असा की चार वर्षांनी खरा क्रम तुम्ही स्वतःच विसरता आणि मग स्वतःच्याच पैशावर स्वतः दरोडेखोर व्हायची पाळी येते.

बरं, शब्द बघितले म्हणजे शब्द मिळाले, इथं मधली पायरी नाही. पुण्यात २०१८ साली बिटकॉइनच्या मोठ्या घोटाळ्याचा तपास झाला, त्यात पोलिसांच्या मदतीला घेतलेल्या तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली, आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी आपल्याकडे वळवली. बँकेचा पासबुक बघितलेला माणूस पैसे काढू शकत नाही, इथं मात्र बघणं आणि घेणं यात फरकच नाही.

गणित फुटलं अशी उदाहरणं शोधायला गेलं तर सापडतात ती नाणं नीट न उडवल्याची. २०२३ मध्ये मिल्क सॅड नावाचं प्रकरण निघालं, किल्ली बनवायच्या एका टूलमध्ये २५६ वेळा नाणं उडवल्यासारखं दिसायचं पण आतली सुरुवात फक्त ३२ नाण्यांवर ठरायची. ३२ नाणी म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. आकडा ऐकायला मोठा, कॉम्प्युटरला किरकोळ. चोरांनी सगळ्या शक्यता करून बघितल्या आणि ज्यात पैसे दिसले ती वॉलेट रिकामी केली. नाव असं का, तर त्या टूलला अगदी शून्यापासून चालवलं की पहिले दोन शब्द हेच यायचे, मिल्क, सॅड.

पण बाळ्याचं वॉलेट त्यातलं नव्हतं. मी त्याचा पत्ता कॉपी करून ब्लॉक एक्सप्लोररवर टाकला, ही साईट म्हणजे तो सातबारा कुणालाही फुकट बघायची खिडकी. पैसे गेले ती नोंद पहाटे तीन दहाची. त्याच्या खाली दोन दिवस आधीची रात्री अकरा चाळीसची आणखी एक नोंद होती, आणि ती बाळ्याच्याच सहीची. नाव होतं ‘अप्रूव्ह’. "हे काय रे?" म्हटल्यावर तो बराच वेळ बघत बसला, मग आठवलं. टेलिग्रामवर ग्रुपात लिंक आलेली, फुकट टोकन वाटप, मॅच बघत बघत वॉलेट कनेक्ट केलं, एक चौकट आली, कन्फर्म दाबलं, टोकन काय आलंच नाही, विसरून गेला.

त्या चौकटीतच सगळा खेळ होता. इथर हे त्या चेनचं स्वतःचं चलन, पण यूएसडीटी तसं नाही, ते एका प्रोग्राममध्ये राहतं आणि त्या प्रोग्रामकडे दोन याद्या असतात. एक, कुणाकडे किती आहेत. दुसरी, कुणी कुणाला आपल्या खात्यातून किती उचलायची परवानगी दिली आहे. दुसरी यादी चांगल्या कामासाठीच आहे, टोकनची अदलाबदल करणाऱ्या सेवेला तुमच्याकडून टोकन उचलायला ती लागते. पण अप्रूव्ह म्हणजे या यादीत नाव घालणं, आणि ते नाव तुम्ही काढेपर्यंत किंवा मर्यादा संपेपर्यंत राहतं. ॲप डिलीट केलं, मोबाईल बदलला, साईटवरून डिसकनेक्ट केलं, तरी राहतं. बाळ्याने दिलेली मर्यादा एक्सप्लोररवर दिसत होती, ११५७९२ ने सुरू होणारा ७८ आकडी आकडा, म्हणजे त्या खान्यात बसू शकणारा सगळ्यात मोठा आकडा. कोरा चेक सही करून रस्त्यात ठेवला आणि वर म्हणतोय चेकबुक तर तिजोरीत आहे. आणि इथर का वाचलं याचं उत्तर पण यातच, इथरला अशी परवानगीची यादीच नसते.

त्याला शिव्या घालायचा मला मोह झाला होता, पण मग म्हटलं नको, कारण हेच दीड अब्ज डॉलरवर झालेलं आहे. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजचं सुमारे ४ लाख इथर गेलं. किल्ल्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, इंटरनेटपासून लांब, एकट्याची सही चालत नाही, अनेकांच्या लागतात. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण सह्या ज्या वेबपेजवरून व्हायच्या त्याच्या कोडमध्येच चोरांनी बदल करून ठेवला होता, स्क्रीनवर नेहमीची पैसे हलवायची नोंद दिसत होती आणि सही मात्र वॉलेटचा कारभारच दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या कागदावर झाली. एफबीआयने यामागे उत्तर कोरियाचं नाव घेतलं. आपल्याकडच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचं १८ जुलै २०२४ चं प्रकरण, सुमारे २३ कोटी डॉलर, त्यात पण बऱ्याच सह्यांचं वॉलेट होतं आणि स्क्रीनवर एक दिसलं, सही दुसऱ्यावरच झाली असं कंपनीनेच सांगितलं.

म्हणून हार्डवेअर वॉलेट घेतलं म्हणजे सुटलो असं कुणी म्हणालं की मी थोडा सावध होतो. ते यंत्र चांगलंच आहे, किल्ली त्यातून बाहेर पडत नाही, कॉम्प्युटरला व्हायरस असला तरी. पण ते सही करणारं यंत्र आहे, वाचणारं नाही. त्याच्या इवल्याशा स्क्रीनवर अगम्य आकडे-अक्षरं आली आणि तुम्ही बटन दाबलं की संपलं. त्यात आणखी एक प्रकार आहे ज्यात सहीला फी लागत नाही, चेनवर लगेच काही दिसत नाही, नुसतं लॉगिन केल्यासारखं वाटतं, आणि त्याच सहीने परवानगी निघून जाते. बाळ्याला निदान फी तरी पडली होती.

पत्त्याची गंमत पण याच जातीची. पत्ता लांबलचक, आपण बघतो पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं. चोर तशीच सुरुवात-शेवट असलेला पत्ता बनवतो आणि तुम्हाला किरकोळ रक्कम पाठवून तुमच्या यादीत बसतो, पुढच्या वेळी तुम्ही यादीतून कॉपी करता. आमच्या गावात एकाच गल्लीत तीन संभाजी पाटील आहेत, मनिऑर्डर नेहमी चुकायची, तसंच, फक्त इथं तिसरा संभाजी मुद्दाम राहायला आलेला असतो. मे २०२४ मध्ये एकाचे असेच ६.८ कोटी डॉलर गेले, नशिबाने चोराने नंतर बरेचसे परत केले.

रविवारी विट्याला गेलो, कारण मामांना सांगणं भाग होतं. मामांनी बावीस वर्षं कोईमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान चालवलं, विटा-खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं देशभर हाच धंदा करतात. त्यांनी सगळं ऐकलं, एक्सप्लोरर बघितला आणि विचारलं, "म्हंजी चोर दिसतोय, माल दिसतोय, आन हात लावता येत न्हाय?" तेच तर. चोरीचं सोनं एकदा मुशीत गेलं की अंगठी कुठली आणि गंठण कुठलं, ब्रह्मदेवाला सांगता येत नाही. इथं उलट आहे, बाळ्याचे यूएसडीटी कुठं गेले ते नोंदीनोंदीने दिसत होतं. चोराने सात मिनिटांत त्याचं इथर करून घेतलं होतं, त्याला पण कारण आहे, यूएसडीटी काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरची रक्कम गोठवू शकते, इथर कुणालाच गोठवता येत नाही. आणि मग ते इथर गेलं टॉर्नेडो कॅशमध्ये.

ती या धंद्यातली मूस. तिथं फक्त ०.१, १, १० आणि १०० इथर असे ठरलेले गठ्ठेच टाकता येतात, सगळ्यांचे गठ्ठे सारखे, आणि नंतर गणिती पुरावा देऊन दुसऱ्याच पत्त्यावर तेवढाच गठ्ठा काढता येतो, टाकणारा कोण आणि काढणारा कोण याचा धागा तुटतो. अमेरिकेने यावर ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध लावले आणि मार्च २०२५ मध्ये उठवले. मामा म्हणाले, "आमच्या मुशीत निदान घट तरी येती."

धागा नेहमी तुटतोच असं पण नाही. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरून १,१९,७५६ बिटकॉइन गेले होते, सहा वर्षांनी त्यातले ९४ हजारच्या आसपास अमेरिकन तपास यंत्रणेला मिळाले, कारण किल्ल्यांची फाईल आरोपीच्या क्लाउड स्टोरेजमध्ये सापडली. शेवटी चोराला पण किल्ली कुठंतरी ठेवावीच लागते.

तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. दोन दिवसांत बाळ्याला "तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा" असे तीन मेसेज आले, ही दुसऱ्या फेरीची चोरी, पहिल्या फेरीत फसलेल्यांनाच शोधून करतात. ती अप्रूव्ह आम्ही शून्य केली, त्याला फी लागते पण किरकोळ, आणि तसंही नवीन वॉलेट काढलं.

शब्द वहीत नको हे मामांचंच मत, २०१९ च्या पुरात सांगलीत माझ्या घरच्या कागदपत्रांचं काय झालं ते त्यांनी बघितलेलं. त्यांनी स्टीलची पट्टी घेतली आणि लगडीवर नंबर मारायचे जुने पंच काढून बसले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरंच पुरतात, यादीच तशी केली आहे की चार अक्षरांत शब्द ओळखू यावा. पाऊण तास ठोकाठोकी झाली. मग मी बाळ्याला म्हटलं, अजून पैसे टाकू नकोस, वॉलेट पुसून टाक आणि या पट्टीवरून परत उघडून दाखव. नवव्या शब्दाला अडलं. मामांनी चष्मा पुसला, पट्टी खिडकीकडं तिरपी धरली, आणि म्हणाले, "‘आर’ मारायचा हुता व्हय, मी ‘बी’ मारलाय. आण दुसरी पट्टी."