पदर पडद्यावर पडेना

ब्लाउज शिवून आणताना शिंप्याने परत दिलेले तुकडे कधी नीट पाहिलेत? मुंढ्याची गोलाई, गळ्याचा चंद्र, बाहीच्या कडेच्या कोरी. सरळ कडेचा तुकडा शोधून सापडत नाही. शरीर गोल आणि कापड चौकोनी, त्यामुळे कापणीत साधारण 15 टक्के कापड चिंध्यांत जातं, असा तयार कपड्यांच्या धंद्यातला नेहमीचा अंदाज. घरी आजी त्याची गोधडी शिवायची. कारखान्याला आजी नसते.

नाशिकमध्ये फॅशन डिझाइनच्या एका वर्गात मागे अर्धा दिवस बसलो होतो. कात्री कुठेच दिसत नव्हती. मुली संगणकावर 44 इंच पन्ह्यात ब्लाउजचे भाग सरकवून, उलटवून बसवत होत्या. हे काम यंत्र चुटकीसरशी करेल असं मला वाटलं होतं. पण तुकडे वाढले की मांडणीच्या शक्यता भलत्याच फुगतात आणि त्यातली सर्वांत उत्तम कोणती, हे दर वेळी झटपट सांगणारी रीत गणितालाही सापडलेली नाही. सॉफ्टवेअर ‘बऱ्यापैकी’वर समाधान मानतं. त्यात तुकडा हवा तसा फिरवण्याची मुभा नाही. ताणा उभाच राहिला पाहिजे, नाहीतर कापड तिरपं ताणून कपडा लोंबतो. (साडीला यातलं काहीच नडत नाही. मागावरून उतरली की नेसायला तयार, चिंधी शून्य.)

मांडणीसारखीच बचत नमुन्यांतही करता येते. डिझाइन पसंत पडेपर्यंत नमुना शिवायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा, याऐवजी पडद्यावरच्या पुतळीला कपडा घालून बघायचा. पण संगणकाला कापड म्हणजे काय हे कसं कळतं? 1995 साली झाविए प्रोव्हो या संशोधकाने मांडलेली कल्पना सोपी आहे. कापड म्हणजे ठिपक्यांची जाळी, ठिपके स्प्रिंगांनी जोडलेले. शेजारच्या ठिपक्यांमधली स्प्रिंग ताण सांभाळते, कर्णातली तिरकी ओढ, आणि एक ठिपका सोडून जोडलेली स्प्रिंग वाकणं. वजन टाकलं की जाळी आपोआप झोळ खाते.

आता या स्प्रिंगा किती ताठ ठेवायच्या? इथे 1930 सालचा एक प्रयोग कामाला येतो. इंग्लंडमधले कापड-संशोधक पीअर्स यांचा हा प्रयोग घरीही करता येईल. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. टेबलाच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंतची रेघ आडव्या पातळीखाली 41.5 अंशांवर आली की थांबा. बाहेर आलेल्या लांबीचा अर्धा घ्या, त्याचा घन करा, कापडाच्या दर चौरस मीटर वजनाने गुणा. हा झाला ताठपणा. घनामुळे गंमत होते. वजन तेवढंच आणि लोंबणारी लांबी दुप्पट, तर ताठपणा आठपट! बोटांना ‘जरा कडक’ लागणारं कापड आकड्यांत किती दूर असतं बघा.

वर्गातल्या एका मुलीने येवल्याच्या पैठणीचा पदर पडद्यावर आणला होता. सॉफ्टवेअरच्या तयार यादीतून तिने ‘रेशीम’ निवडलं, आणि पदर पुतळीच्या खांद्यावरून ओढणीसारखा भुरभुरायला लागला. जरीने भरलेला पदर असा उडतो होय? मॅडम म्हणाल्या, “यादी सोड. आधी पदर मोज.”

“पण मॅडम, पैठणीची पट्टी कोण कापणार?”

कापायची गरजच नव्हती. टोक किती झुकतं हे पट्टीच्या रुंदीवर अवलंबून नसतं, कारण रुंदी वाढली की वजन आणि ताठपणा सारखेच वाढतात. मॅडमनी स्वतःची पैठणी आणलेली होतीच. दोघींनी दोन्ही काठ धरून अख्खा पदर टेबलावरून पुढे सरकवला, तिसरी कोनमापक घेऊन खाली उकिडवी बसली. मग साडी फिरवून नुसत्या अंगाचा भाग मोजला. तो लगेच मान टाकून मोकळा झाला. पदराने मात्र बराच वेळ दम धरला होता.

मग पदर पडद्यावर आणणाऱ्या मुलीने पदराला आणि अंगाला वेगवेगळे आकडे भरले आणि पुन्हा बटण दाबलं.